उचाट्या आधी कोणी पाहिला?

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अकोल्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो मी. तरी हे लिहितोय... कारण त्या सकाळी मी जे केलं, ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

बाळापूरचा नईम टेलर माझा पक्षी बघायचा जोडीदार. त्याच्याकडे जुनी, एक काच ओरखडलेली दुर्बीण. माझ्याकडे लाखाचा कॅमेरा. पण पक्षी आधी दिसणार नईमलाच. "सर, ते पाहा," असं तो हळूच म्हणाला की माझा जळफळाट व्हायचा.

फाल्गुनातला रविवार. मुद्दाम त्याला न सांगता एकटाच आमच्या नेहमीच्या तलावावर गेलो. साडेआठच्या सुमारास पाणथळीत उचाट्या पक्ष्यांची जोडी! काळे-पांढरे, चोच वर वळलेली. एरवी समुद्रकिनाऱ्यावरचा पक्षी, आपल्या वऱ्हाडात क्वचितच. कॅमेरा उचलला — आणि समोरच्या काठावर नईम उभा! गळ्यात तीच दुर्बीण. म्हणजे इथेही आधी हाच?

डोकं फिरलं. मला नाही तर त्यालाही नाही... हात वर करून, ओरडत मी पाण्याकडे पळालो. समोरून तो दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होता. पक्षी उडाले. पुन्हा पाहिलं तर काठ रिकामा.

वळसा घालून तिकडे गेलो. ओल्या काळ्या गाळात पक्ष्यांची पावलं उमटलेली, माणसाचं एकही पाऊल नाही. नईमला फोन लावला. त्याच्या बायकोने, भाभींनी उचलला, मागे एसटीचा खडखडाट.

"हे तर झोपले आहेत सर. आमी अमरावतीले चाललो, पोरीच्या क्लासचं पाहाले. मूर्तिजापूर येऊन राहिलं. झोपेत सारखे 'नको, नको' म्हणून राहिले होते... उठवू काय?"

"नको," म्हणालो. मूर्तिजापूर म्हणजे तलावापासून तासाभराहून लांब.

संध्याकाळी नईमचाच फोन आला. रागावलेला नव्हता, तेच जास्त लागलं.

"सर, काहून उडवले तुमी त्यायले? दोनच तर होते."

चूक कबूल केली. तो म्हणाला, "जाऊ द्या."

याचं स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही. आणि खरं सांगू? भीती दोन दिवसांत गेली. पण तलावापासून इतक्या लांब, बसमध्ये डोळे मिटून बसलेल्या त्या माणसाने ते पक्षी पोटभर पाहिले... हे अजून सहन होत नाही.