पत्र्यावरची फांदी

दारातल्या कडुलिंबाची एक फांदी आमच्या घरावर आली होती, चांगली माझ्या मांडीएवढी जाड. वारं सुटलं की पत्र्यावर घासायची. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले, ते तिच्या धक्क्यानं सरकायचे, आणि खाली हातातलं काम टाकून मी वर बघत बसायची. कारण तिच्या बरोबर खाली आमच्या मालकांची बाज. लकवा मारला तेव्हापासून त्यांची उजवी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत.

बाज आतल्या खोलीत घेऊ म्हणलं की म्हणायचे, "तिथून रस्ता दिसत न्हाई." रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून, सिरसाळ्याचा बाजार कसा भरला हे विचारल्याबिगर त्यांचा घास उतरत नाही. लेक गेवराईला असतो. रविवारी येऊन तोडतो, असं फोनवर सांगायचा. रविवार तेवढे येऊन जायचे.

शेवटी मी शेळ्यावाल्याला सांगितलं. आमच्याकडं रीतच आहे, उन्हाळ्यात शेळ्यांना हिरवं मिळेना झालं की शेळ्यावाला झाड छाटून देतो. पाला त्याचा, लाकूड घरवाल्याचं.

सकाळी तो आला आणि झाडावर चढला. मी भाकरी करत होते. हात धुऊन बाहेर येऊन बघते, तर रस्त्याकडची सगळी बाजू बोडकी, शेळ्या ढिगात तोंड खुपसून खातायत, आणि घरावरची फांदी जिथल्या तिथं.

"आरं, ही कावून ठिवली?"

"मावशी, तिचा पाला पडणार पत्र्यावर. शेळ्या काय पत्र्यावर चढवू?"

चूक माझीच. बोली पाल्याची केली, फांदीचं नावच काढलं नाही. घरावर आलीय ती आधी तोडायची, हे काय सांगायला पाहिजे, असं वाटलेलं. आता तर झाडाचा सगळा भार घराकडं कलला. वाऱ्यानं रस्त्यावर धुरळा उठायला लागला होता.

"लाकूड बी तुझं," मी म्हणलं, "पर ही उतरवल्याबिगर हलायचं न्हाई."

त्यानं मान खाजवली. आधी आम्ही दोघांनी मालकांसकट बाज उचलून रस्त्याच्या कडेला ठेवली. डोक्यावर टॉवेल घेऊन ते पडल्या पडल्या हुकूम सोडायला लागले.

"खालून खाच घे आधी. न्हाईतर साल सोलत जाईल बुंध्यापातूर."

"व्हय आबा."

"व्हय म्हणतो अन् वरूनच हाणतो."

फांदीला दोर बांधला, वरच्या बेचक्यातून खाली सोडला, बुंध्याला दोन वेढे दिले आणि टोक माझ्या हातात. कुऱ्हाडीचे घाव मोजायला गेले, पण दहाच्या पुढं ध्यानच राहिना. कडाड झालं, दोर तळहातातून सळसळत गेला. तरी मी सोडला नाही. पत्र्याचा एक कोपरा चेपला, तेवढंच. फांदी अंगणात आली. शेळ्या तिच्यावर तुटून पडल्या.

बाज पुन्हा जाग्यावर नेली. वाटलं, आता जीव खाली पडंल. कशाचं काय. बाराच्या पुढं ऊन थेट पत्र्यावर आलं आणि खोलीची भट्टी झाली. त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. पाठीखालचं फडकं मी तीनदा बदललं, तिन्ही येळा ओलंचिंब.

"बाज आत घेऊ का?"

"न्हाई."

मग ऊन अडवायला मी शिडी लावली. शिडीवर उभी राहून कडब्याच्या पेंढ्या काठीनं पत्र्यावर ढकलत गेले. तळहात सोललेले, काठी धरवेना. एकीकडं बडबड चालूच होती माझी, शेळ्यावाल्याच्या नावानं, लेकाच्या नावानं.

खालून आवाज आला, "आगं, फांदी बरी हुती. ती नुसती घासायची."

अजून चार पेंढ्या ढकलायच्या राहिल्या होत्या, आणि वारं वाढत चाललं होतं. वरच्या पेंढ्या उडू नयेत म्हणून मी दगड शोधायला उतरले.