पारापुढून जाणारी दौड

राणीसावरगावात आरोग्यदौड घ्यायचे ठरले, तेव्हापासून मला धड झोप लागत नव्हती. पन्नाशी उलटलेल्या शिक्षकाला इतकी उत्सुकता शोभते का, असे मी स्वतःला विचारी आणि उत्तर येण्याआधीच पुन्हा तयारीला लागे. शाळेच्या मैदानावर रक्तदाबाची व साखरेची तपासणी, मग मोड आलेल्या मटकीचा नाश्ता, आणि या सगळ्याच्या आधी, उजाडताच, स्त्री-पुरुष सर्वांची दौड. मार्ग मीच आखला होता: शाळेतून निघून मारुतीच्या पाराला वळसा घालायचा आणि परत शाळेत यायचे. फळ्यावर तो काढताना माझा हात अभिमानाने जरा जास्तच गोल फिरला.

पुरुषांची नावे भराभर आली. स्त्रियांचे एकही आले नाही.

"येणार कसं?" पत्नी म्हणाली. "दौड पारापुढून नेली तुमी. बूट हातात घेऊन पळायचं का आमी?"

पारावर गावातले वडीलधारे बसलेले असतात आणि त्यांच्यासमोरून जाताना आमच्याकडच्या सुना पायातली चप्पल काढून हातात घेतात. लग्न झाल्यापासून पत्नी हे करत आली होती आणि मी तिच्या शेजारून चपला घालून चालत आलो होतो. खडूने रेघ ओढताना मला ते आठवलेही नाही. शाळेत असताना ती खो-खो खेळायची. तिच्यासाठी परभणीहून आणलेले पळायचे बूट अजून खोक्यातच होते.

"मागच्या बोळीतून मार्ग काढतो," मी म्हणालो.

"बोळीतून पळायचं असंल तर मी घरीच बरी."

संध्याकाळी मी पारावर गेलो. तिथे माझे थोरले बंधू बसले होते. त्यांच्यासमोर माझा आवाज आजही खाली येतो.

"दादा, त्या दिवशी सकाळी तुम्ही सगळे आधी तपासणीला शाळेत आलात तर..."

"म्हंजे आमाला तिकडं रांगेत बसवायचं आन् इकडून बाया पळवायच्या. असंच ना, मास्तर?"



"ह्याचं बीपी आत्ताच मोजा," शेजारचे आजोबा दादांकडे बोट दाखवत म्हणाले. "बाया पळायल्या ऐकूनच चढलंय."

सगळा पार हसला. दादा हसले नाहीत. आपण युक्ती करायला आलो याची मला लाज वाटली, म्हणून मग सरळच सांगितले: पत्नीला पळायचे आहे, बूट घालून, इथूनच.

दादांनी पारापुढच्या रस्त्यावर नजर फिरवली. मग म्हणाले, "पळणाऱ्याला पाणी कुठं देणार हायेस?"

"अजून ठरलं नाही."

"इथं ठेव. मी देतो. आन् तिला सांग, बूट काढत बसलीस तर दम मोडंल."

घरी पोहोचेपर्यंत ते वाक्य मी तोंडातल्या तोंडात घोळवत होतो. पत्नीने ते ऐकले, खोके उघडले आणि बूट घालून अंगणात फेरी मारली. शेजारच्या दोघी सुना दारात येऊन पाहत राहिल्या. "आमचंबी नाव घ्या, काकू," म्हणाल्या. तेवढ्यात पत्नी एकदम थांबली.

"पण दादांनी पाणी पुढं केलं तर थांबावं लागंल."

"मग थांब की."

"अन् ह्या दोघी पुढं जातील ते? जाऊन सांगा त्यांना, दौड झाल्यावर पिईन म्हणावं."

मी पुन्हा पाराकडे निघालो. वयाला शोभेल असे चालायचे ठरवले होते; पण गल्लीचे वळण येताच पाय आपोआप पळू लागले.