रबर गुंडाळलेली मूठ

दोन हजार नऊच्या सुमारास समुद्रातल्या गस्तीसाठी आमच्याकडे पोलिसांच्या नव्या बोटी आल्या. मी पोलीस शिपाई होते आणि मला बोटीवरच जायचं होतं. मासेमाराच्या मुलीने ठाण्यात बसून दिवसभर वायरलेस ऐकायचा, याची मला चीड यायची. पोरगी बोटीवर जाणार, असं बाबांनी तर मालवणच्या बाजारात सांगूनही टाकलं होतं. राहिली होती फक्त पिस्तुलाची परीक्षा.

सराव जुन्या चिरेखाणीत चालायचा. पिस्तूल कुणा दांडग्या पुरुषाच्या पंजाचं माप घेऊन केलेलं. गोळ्यांचं मॅगझिन मुठीतच बसतं, म्हणून मूठ जाड. ट्रिगरपर्यंत बोट पोचावं म्हणून हात फिरवून धरला की मुठीची पाठ अंगठ्याच्या सांध्यावर यायची. मग जो धक्का मनगटातून सरळ दंडात जिरायला हवा, तो सगळा त्या सांध्यावर. घरी भाकरी थापवेना. शिकवणाऱ्या साहेबांचं आपलं एकच, "घट्ट धरा." घट्ट धरायला ती आधी हातात मावायला हवी ना.

माझा हात बघून बाबा म्हणाले, "वल्याक गुंडाळतंव तसा रबर गुंडाळ गो. हात दुखाचो नाय."

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी त्यांनी स्वतः कापून दिली. वल्ह्याची मूठ आम्ही अशीच मऊ करतो, त्यामुळे मलाही पटलं. साहेबांनी हसत परवानगी दिली.

परीक्षेत मूठ मऊ लागली खरी, पण होती त्याहून जाड झाली होती. वल्हं हातात घोळतं, पिस्तूल उसळतं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पहिल्याच गोळीला अंगठ्यातून निघालेली कळ कोपरापर्यंत गेली. पुढच्या प्रत्येक गोळीआधी डोळे आपोआप मिटू लागले. पट्टी सोडावी हे सुचलं तेव्हा गोळ्या संपल्या होत्या.

"घाबरता तुम्ही," साहेब म्हणाले. "बोटीवर काय करणार?"

मी घाबरले नव्हते, मला दुखत होतं. पण नापास माणसाचं कोण ऐकतं? रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी बाबा किनाऱ्यावर जाळं सोडवत बसले होते. नापास झाले, वायरलेसवरच राहणार, असं मी सांगितलं. त्यांनी जाळ्यातली पुढची गाठ हातात घेतली.

"रबराचो तरी उपयोग झालो मां?"

"झालो," मी म्हटलं आणि सुजलेला हात पाठीमागे घेतला.