दोन खुर्च्यांवरचे दोन पडदे

दुसरी वस्तू शेजारी ठेवल्याशिवाय ज्याला पहिली दिसतच नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू आहे. मी हिशेब तपासणारा माणूस, त्यामुळे 'एकच' हा शब्द जपून वापरतो. माझ्या बायकोच्या, म्हणजे सरूच्या, थोरल्या बहिणीचे हे यजमान लातूरला राहतात, आम्ही नांदेडला. पाटबंधारे खात्यात ते आरेखक होते. कालव्याचा मूळ नकाशा एका बाजूला, त्यावरून काढलेली नक्कल दुसऱ्या बाजूला, आणि नक्कल मुळापासून कुठं हलली ते शोधायचं, हे काम त्यांनी नोकरीभर केलं आणि फार चांगलं केलं. नोकरी संपली, पण नजर काही सेवानिवृत्त झाली नाही. कलिंगड ते कधी एक आणत नाहीत. दोन आणतात, खिडकीत शेजारी शेजारी मांडतात, दोन्हींवर टिचक्या मारतात, एक पास करतात, एक नापास करतात, आणि नापास झालेल्याला वाईट वाटू नये म्हणून आधी तेच कापतात. आमच्या घरी आले की सरू चहा देते. ते घोट घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "चांगला हाय सरू. पण कुणापेक्षा?" मग मला उठून अर्धा कप माझ्या हातचा करावा लागतो. माझा चहा प्यायल्यावर तिचा त्यांना फार आवडतो, म्हणून तीही कधी कुरकुरली नाही. एकदा नांदेडला येताना लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली, तर हे दोन टपऱ्यांच्या मधोमध उभे राहून दोन्हींकडचा अर्धा अर्धा चहा आळीपाळीनं पीत होते. गाडी सुटायची वेळ झाली, तसा कंडक्टर दारातून ओरडला, "ओ काका, चहा पिऊन राहिले का सर्वे करून राहिले?" त्यांनी शांतपणे निकाल सांगितला, "डावीकडचा. आलं जास्त हाय," आणि मगच ते गाडीत चढले.

अशा माणसाला देवानं दोन मुलगे दिले. थोरला आधी आला म्हणून तो मूळ नकाशा झाला आणि धाकटा त्याची नक्कल. असं ते कधी बोलले नाहीत, पण धाकट्याचं प्रगतिपुस्तक आलं की कपाटातून थोरल्याचं त्याच इयत्तेचं निघायचं आणि दोन्ही पलंगावर शेजारी उघडी पडायची. स्वयंपाकघराच्या चौकटीवर दोघांच्या उंचीच्या खुणा होत्या, थोरल्याच्या निळ्या, धाकट्याच्या लाल. दर वाढदिवसाला धाकट्याला पाठ टेकवून उभं करायचं आणि त्या वयात थोरला कुठवर होता ते बघायचं. लाल रेघ निळीच्या खाली राहिली की साडू चुकचुकायचे आणि वर गेली तर पट्टी पुन्हा लावून बघायचे. आम्ही सगळे हसायचो. पोरगंही हसायचं. सरूची बहीण, आमची अक्का, तेवढी हसायची नाही. कणीक मळता मळता म्हणायची, "अहो, पोरं हायत ती, कालवे न्हाईत." साडूंना हे कळायचं नाही. त्यांच्या मते ते दोघांशी अगदी सारखं वागत होते, आणि ते खरंही होतं. एकाला सायकल आणली तर दुसऱ्याला तीच सायकल, त्याच रंगाची. एकाला शास्त्र शाखा तर दुसऱ्यालाही शास्त्र शाखा. धाकट्याला चित्रकला हवी होती, पण मग तुलना कशाशी करणार?

पुढं थोरला हैदराबादेत नोकरीला लागला, धाकटा पुण्यात. अक्का गेली. तिचं दिवसकार्य झाल्यापासून धाकट्याचं लातूरला येणं जवळजवळ थांबलं. भांडण असं काही नाही. फोन करायचा, "हो, बरं, ठेवतो" म्हणायचा. साडू त्या फोनचीही थोरल्याच्या फोनशी तुलना करायचे आणि खंतावायचे. "साडू, पोरगं तुटून राहिलं हो माझ्यापासून," असं ते मला एकदाच म्हणाले, आणि त्या वाक्याच्या शेजारी ठेवायला त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं.

अशातच ते नांदेडला माझ्याकडं आले. कामासाठी मी घरी लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडलेले आहेत; एकावर पावत्या, दुसऱ्यावर ताळा. साडू दारातच थबकले. मूळ एकीकडं, नक्कल दुसरीकडं, तीही उजेडात! रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांचा बेत ठरला. लातूरच्या जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या रिकाम्या असतात. त्यांच्यावर दोन मॉनिटर ठेवायचे. रविवारी दोघा पोरांना वेगवेगळे व्हिडिओ कॉल लावायचे आणि एकाची खिडकी एका पडद्यावर, दुसऱ्याची दुसऱ्या पडद्यावर ओढून न्यायची. "मोबाइलवर पोरगं टिकलीएवढं दिसतं हो. मला पंगतीला बसल्याएवढं पाहिजे. खुर्चीत दिसलं की जेवंल, अन् जेवलं की येईल घरी." हे तर्कशास्त्र मला तपासता आलं नाही, आणि तपासावंसं वाटलंही नाही.

अडचण जोडणीची होती. त्यांचा लॅपटॉप म्हणजे थोरला ठेवून गेलेला; तो ते सोबत घेऊनच आले होते. त्याला एचडीएमआयचं भोक एकच. मी सांगितलं, "पहिला मॉनिटर यात सरळ वायरनं लावा. दुसऱ्यासाठी या टाइप-सीच्या भोकात बसणारा अडॅप्टर घ्या, चित्र नेणारा. दोन पडद्यांवर दोन वेगळी चित्रं हवी असतील तर दोन वेगळ्या वाटा पाहिजेत."

"म्हंजे एका पोराला सरळ वायर, अन् दुसऱ्याला जोड लावून?"

"हो."

"न्हाई जमणार. हा दुजाभाव झाला."

"अहो, मग धाकट्याला सरळ द्या आणि थोरल्याला जोड."

"तरी दुजाभावच, साडू. फक्त माणूस बदलला."

लातूरला जाऊन त्यांनी दोन मॉनिटर घेतले आणि जोडणीसाठी अर्थातच दोन वस्तू आणल्या. एक मी सांगितलेला अडॅप्टर. दुसरा स्प्लिटर, म्हणजे एका भोकात घालायचा आणि त्यातून दोन वायरी निघणारा. दोन्ही वर्तमानपत्रावर मांडले आणि पट्टी लावली. स्प्लिटरचे दोन्ही पाय अगदी सारखे भरले. निकाल लागला. मी फोनवर सांगितलं की त्यानं दोन्हीकडं एकच चित्र येईल. ते म्हणाले, "दोन तोंडं हायत, दोन पडदे हायत, अन् चित्र एक? असं कसं हुईल? एकाच ठिकाणावरून दोघांना सारखं. याहून बरोबर काय असतंय?" अडॅप्टर त्यांनी दुकानात परत केला.

त्या रविवारी मी आणि सरू मुद्दाम लातूरला गेलो. सरूनं अक्कासारखी येसर आमटी केली, भाकरी केल्या. दोन्ही खुर्च्यांवर पाट, पाटांवर मॉनिटर, समोर वाढलेली ताटं. पोरांना घर दिसावं म्हणून कॅमेरा वेगळा, फ्रिजवर ठेवलेला. थोरला आधी आला. साडूंनी त्याची खिडकी ओढली आणि उजव्या खुर्चीत तो खांद्यापर्यंत, खऱ्याएवढा, येऊन बसला. साडूंचे डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी तो डाव्या, खिडकीकडच्या खुर्चीतही बसलेला होता.

"आरं, हा हिकडं पण आला की!"

तेवढ्यात धाकटा आला. त्याचा चेहरा फळीवरच्या लॅपटॉपमध्येच राहिला. त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. फ्रिजवरून त्याला सगळं टेबल दिसत होतं.

"अप्पा, ती खिडकीकडची माझी खुर्ची ना?"

"हाव रे, तुझीच."

"मग तिथं दादा कसा बसलाय?"

"अरे, मी दोन्हीकडं आहे वाटतं!" थोरला दोन्ही खुर्च्यांतून एकदम हसला. सरू हसली, मीही हसलो. धाकटाही हसला, लहानपणी चौकटीला पाठ टेकवून हसायचा तसाच. मग हळूच म्हणाला, "नेहमीसारखंच की अप्पा." ताटांकडं बघत म्हणाला, "जेवा तुम्ही. आमटी गार होईल." आणि लॅपटॉपमधली त्याची खिडकी मिटली.

साडू हातात पळी घेऊन उभे राहिले. उजव्या पडद्याकडं पाहिलं, डाव्याकडं पाहिलं. केसाचाही फरक नव्हता. ज्यासाठी आयुष्यभर डोळे झिजवले ती तंतोतंत नक्कल अखेर त्यांच्या पुढ्यात होती, आणि तिच्यापुढं वाढलेलं ताट धाकट्याचं होतं. थोरला विचारत होता, "अप्पा, काय झालं? ऐकू येतंय का?" साडूंनी पळी पातेल्यात ठेवली. मग सरूला म्हणाले, "तुझी अक्का सांगून राहिली होती गं मला." त्या दिवशी कुणीच नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच दुकानात गेले आणि परत केलेला अडॅप्टर घेऊन आले. शेजारी ठेवायला दुसरं काही आणलं नाही.

परवा आम्ही पुन्हा लातूरला गेलो होतो. जोडणी अगदी बरोबर झाली आहे. सरळ वायर खिडकीकडच्या खुर्चीला दिली आहे, अडॅप्टर थोरल्याला. थोरला उजव्या खुर्चीत बसून बोलत होता. डावा पडदा चालू होता, नुसता निळा. जेवण निम्म्यावर आलं असताना मोबाइल वाजला. धाकट्याचा होता, साधाच फोन, व्हिडिओ नाही. साडूंनी थोरल्याचा आवाज बंद केला आणि खिडकीशी गेले. "काय करून राहिलास? … नवीन घर? बरं केलंस. दादानं तर…" इथं ते थांबले. आमच्याकडं त्यांची पाठ होती, पण मान खाली गेलेली दिसली. "काय न्हाई. तू सांग. कसं हाय घर?" यानंतर ते फक्त ऐकत राहिले. हा फोन आधीच्या सगळ्या फोनांपेक्षा लांबला, एवढं मी सांगू शकतो. पण 'येतो' असं तिकडून आलं नाही आणि 'ये' असं इकडून गेलं नाही.

ते परत येऊन बसल्यावर मी म्हटलं, "तो पडदा बंद करू का? उगाच जळतोय."

"राहू द्या. आता वाट हाय त्याला."

खिडकीत कलिंगड होतं, एकच. जेवणानंतर सरूनं चहा दिला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. "चांगला हाय सरू."

मी सवयीनं उठू लागलो. सरूही थांबली होती. पुढचं काही येईना, तेव्हा तिनंच हसत विचारलं, "कुणापेक्षा, भाऊजी?"

साडू त्या निळ्या पडद्याकडं बघत होते.

"चांगला हाय," ते म्हणाले. "बस."