आप्पांच्या गाडीची ठिणगी

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या घरातले. त्यांची मोटार त्यांच्याहून म्हातारी, आजोबांनी हैदराबादेहून आणलेली. तिच्या स्टेअरिंगवर एक पितळी दांडी होती. इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी नेमकी कधी पडावी, ते त्या दांडीनं हातानं ठरवायचं. गाडी पळायला लागली की दांडी पुढे, म्हणजे ठिणगी लवकर; चढाला दम लागला की थोडी मागे, म्हणजे ठिणगी उशिरा. आप्पा हे सगळं कानानं करत. मी एकदाच ती चालवायला घेतली, तर चौकात येईपर्यंत इंजिन असं ठोकायला लागलं की हॉटेलातली माणसं चहा टाकून बाहेर आली. पुन्हा तिच्या वाटेला गेलो नाही.

समोरून लोखंडी हँडल मारून, म्हणजे फिरवून, गाडी सुरू करताना मात्र दांडी पूर्ण मागे हवी. पुढे राहिली तर हँडल उलटा झटका देतं. हे मला आप्पांनीच शिकवलेलं, आणि गेल्या उन्हाळ्यात तेच विसरले. मनगट मोडलं. तसे ते आधीपासूनच विसरायला लागले होते. गोळी घेतली का, हे आईला विचारत आणि उत्तर ऐकून परत विचारत.

आईनं हँडल ज्वारीच्या कोठीत लपवलं. मला म्हणाली, "हाताला न लागता चालू होईल असं काईतरी कर, न्हाई तर भंगारात घाल." प्लास्टर निघालं तरी हँडल काही बाहेर आलं नाही. आप्पा रोज सकाळी गाडी पुसत आणि मग दार लावून आत बसून राहत. बंद गाडीत. मला ते बघवत नव्हतं. काही करून त्यांना परत रस्त्यावर आणायचं, असं मी मनात घेतलं.

माझं पाटोद्यात विहिरी-बोअरच्या जळालेल्या मोटारींत नव्या तारा भरायचं दुकान आहे, त्यामुळे यंत्रातलं आपल्याला कळतं असा एक माज होताच. उपाय सोपा होता. ठिणगी आपोआप मागेपुढे करणारा डिस्ट्रिब्यूटर बसवायचा. त्याच्या आत दोन छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि ठिणगी आधी पडते. हँडल मारताना वेगच नसतो, म्हणजे ठिणगी आपसूक मागे. विसरायला काही उरतच नाही.

गॅरेजच्या मिस्त्रीनं एका जुन्या पेट्रोल जीपचा डिस्ट्रिब्यूटर आणला. मापात बसावा म्हणून लेथवर बूश, म्हणजे धातूचं कडं, करून तो बसवला, दांडी काढून टाकली. आईकडून हँडल मागून घेतलं, मीच मारलं, पहिल्याच फेऱ्यात गाडी सुरू. उभ्याउभ्या अशी गोड चालली की मी मिस्त्रीला पेढा खाऊ घातला.

सौताड्याच्या रस्त्याला लागलो आणि पेढ्याची चव गेली. जितकं ॲक्सिलरेटर दाबावं तितकी गाडी मरगळायची. रेडिएटर उकळला. ढकलत परत आणताना एक शेळ्यावाला म्हणाला, "भाऊ, बैल देऊ का जुपायला?" हातात पाना होता, पण स्वतःला आवरलं.

पुढचे तीन आठवडे मी नुसता चिडचिड करत होतो. कार्बोरेटर तीनदा उघडला. प्लग बदलले, कॉइल बदलली, टाकी धुतली. मिस्त्रीचं एकच पालुपद, "पेट्रोलच खोटं येतंय भाऊ, गाडी काय करील?" आप्पा खुर्चीवरून रोज म्हणत, "अरे, माजं ऐक की जरा." आणि मी म्हणायचो, "आप्पा, तुमी बसा बरं." ज्याला सकाळची गोळी आठवत नाही तो इंजिनाचं काय सांगणार, असं मला वाटायचं. हे आज लिहितानाही लाज वाटते.

एक दिवस ते न विचारताच उठून आले. बॉनेटवर हात ठेवून मिस्त्रीला म्हणाले, "पळीव." इंजिन जोरात फिरलं. "बास. जितकं पळतंय तितकी ठिणगी मागं सरकतीय बे. हे उलट्या बाजूनं फिरणाऱ्या इंजनाचं हाय."

खरंच होतं. वजनं फाकत होती, पण फिरण्याची दिशा उलटी असल्यामुळे ठिणगी आधी पडायच्या ऐवजी उशिरा पडत होती. बोअरची मोटार चालते पण पाणी फेकत नाही, असं सांगत येणाऱ्या शेतकऱ्याला मी रोज झापतो, "दोन वायरी उलट्या जोडल्यात, मोटार उलटी फिरतीय. डोळे कुठं होते?" दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आम्हाला लांबून दिसतं, म्हणतात ते हेच.

आष्टीच्या भंगारवाल्याकडे बरोबर दिशेचा डिस्ट्रिब्यूटर मिळाला. या वेळी गाडी चढावरही लोण्यासारखी गेली. आप्पांनी स्वतः चक्कर मारली. उतरले, "चांगली झाली" म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

बाजाराच्या दिवशी मी गाडी सुरू करून त्यांची वाट बघत राहिलो. ते खुर्चीतून उठेनात.

"तूच जा. आता कुणालाबी येती ती चालवाय."

माझं डोकंच फिरलं. "तीन आठवडे कुणासाठी मेलो मी? तुमच्यासाठीच केलं ना हे सगळं?"

"कावून केलं?" ते शांतपणे म्हणाले. "गाडी तर मला येत हुती. म्या फकस्त दांडी मागं घ्यायची इसरलो. हँडल मारताना माज्याजवळ येऊन हुबं राह्यचं अन् 'आप्पा, दांडी मागं' येवढंच म्हनायचं. लई काम हुतं का ते?"

बाजारात एकटाच गेलो. इंजिन वाटेत एकदाही ठोकलं नाही.