सोनीच्या मायसाठी नेलेलं लुगडं

बायांनो, आज मी आमच्या मावला गावाहून नातीसंगं आदिलाबादच्या सरकारी हापिसात गेलती. सोनी आमच्या पोरानं दत्तक घेतलेली. आता सतरा वर्साची हाय, माह्या डोक्याच्या वर गेली, अन हसली का घर भरते.

तिले जनम देनारी माय शोधाची हाय. मले वाटलं, आपन सांगतलं का हापिसवाले त्या बाईले बोलावतीन. म्हनून तिची ओटी भराले हिरवं लुगडं अन नारळ घेतला. नारळात पानी हाय का, ते सोनीनंच हलवून पाह्यलं. त्या बाईनं आमाले एवढी गोड पोरगी देली ना!

मॅडमनं पिशवी पाह्यली अन हात मागं घेतला. "अम्मा, आमी काई घेत नाई."

"तुमाले नाई वो, हिच्या मायले!"

मॅडम हसली. मंग म्हने, "अठरा झाले का हे एकटी अर्ज करू शकते. तोवर आईबापानं संगं अर्ज करा लागते."

"मी आजी हाय, माही सही घ्या."

"आजीची चालत नाई, अम्मा."

घरी येऊन पोराले म्हनलं, सही कर. तो भडकला, "काऊन? आमी काई कमी केलं का तिले?" सोनी खाली मान घालून आत गेली.

अन संध्याकाळी त्याचा साळा सोनीसाठी स्थळ घेऊन आला. तवा माहा पोरगा हसून म्हने, "पाहू, पोरगी मोठी झाली आता."

मी चहाच ठेवला नाई.

तुमीच सांगा बायांनो, लग्नाच्या गोष्टीले मोठी झालेली पोरगी आपल्या मायचं नाव इचाराले लहान कशी?