आत निजलेला

नेकनूरच्या बाजारात ते म्हातारे बाबा अजून भेटतात. उंच, वाकलेले, एक पाय ओढत चालणारे. राम राम घालतात, पण दोन हात लांबून, आणि कुणी जवळ आलं की मागं सरतात.

ओळख बीडच्या दवाखान्यातली. माझ्या धाकट्या भावाच्या शेजारच्या खाटेवर ते मोडलेला पाय घेऊन पडले होते. मी खाली जेवायला गेलो की हात लांबवून भावाला पाणी तेच पाजायचे. पुढं भावाला तिथंच एक जंतू लागला, कुठल्याच औषधाला दाद न देणारा. डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डाची तपासणी केली. तोच जंतू यांच्याही पोटात निघाला. ताप मात्र यांना एकदाही आला नव्हता.

"बाबा, तुमच्या पोटातले चांगले जिवाणू त्याला वाढू देत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "या पोराच्या पोटातले मात्र औषधांनी मेलेत."

"मंग माज्यापसूनच गेला का ह्या लेकराला?"

"ते सांगता येत नाही."

त्यानंतर त्यांनी भावाच्या तांब्याला हात लावला नाही.

भाऊ कसाबसा वाचला. परवा बाजारात तो त्यांच्या पाया पडायला वाकला, तर ते दचकून म्हणाले, "नगं, लेकरा. आत हाय त्यो. निजलाय."

भाऊ हसत पुढं गेला. मी वळून पाहिलं. ते गर्दीत एकटेच उभे राहून स्वतःचं पोट हळूहळू थोपटत होते, तान्ह्या बाळाला थोपटावं तसं.